धर्म आणि सार्वजनिक जीवन: या विषयात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची असेल तर

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्री विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा करतात. दर्शनरांगेतल्या एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून त्यांच्याबरोबर पूजेला बसवतात. या मंदिराचा कारभार १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाखाली नेमलेली समिती पाहते. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांनी आपल्या परंपरागत हक्कांसाठी वर्षानुवर्षं चालवलेली न्यायालयीन लढाई २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. पूजा कुणी करायची, दानपेटी कुणी उघडायची, रांग कशी लावायची हे सगळे भक्तीचे प्रश्न आहेतच, पण कायदा, पैसा आणि प्रशासनही त्यांत तितकंच गुंतलेलं आहे. हा गुंता शास्त्रीय पद्धतीने समजून घेणं हाच या अभ्यासाचा गाभा.

देव आहे की नाही, कुठला धर्म खरा, हे इथे ठरवायचं नसतं. रस्त्यावर, न्यायालयात, शाळेत, विधिमंडळात आणि सणाच्या मांडवात धर्म काय काम करतो, आणि सरकार, बाजार, चळवळी त्याला कसा आकार देतात, हे पाहायचं असतं. बी.ए., बी.कॉम. किंवा कायद्याची पदवी झालेल्या आणि या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी प्रश्न लहान करा

बहुतेक विद्यार्थी ‘महाराष्ट्रातील धर्म आणि राजकारण’ असा विषय घेऊन येतात. त्यावर दहा माणसं दहा वर्षं काम करतील तरी तो संपणार नाही. माझा सल्ला एकच असतो आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: एक जागा, एक नियम आणि एक वाद निवडा. ही तिन्ही जिथे एकत्र सापडतात तिथे तुमचा विषय आहे.

२०१६ सालचंच बघा. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा आधार होता १९५६च्या राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्याचा. एप्रिलमध्ये देवस्थानने चौथरा स्त्रियांसाठी खुला केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत स्त्रियांना जाऊ द्या असा निकाल दिला. तिथे युक्तिवाद राज्यघटनेतल्या समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमांवर उभा होता. न्यायालय एक, वर्ष एक, प्रश्न वरवर सारखा, पण तिथे पोचण्याच्या वाटा वेगळ्या. एम.ए.च्या प्रबंधिकेला एवढा ऐवज पुरून उरतो.

किंवा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा घ्या. त्यात काय काय गुन्हा आहे याची यादी सगळ्यांना माहीत असते. कायदा कशाला लागू होणार नाही, हे सांगणारं कलम मात्र फार कमी जण वाचतात. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन असे शब्द तिथे एकामागून एक येतात. मसुदा कित्येक वर्षं रखडला होता आणि वारकरी संघटनांचा त्याला विरोध होता, हे ठाऊक असेल तर त्या कलमातला प्रत्येक शब्द कुणाच्या आग्रहाने आला असेल हा प्रश्न आपोआप पडतो. त्याचं उत्तर विधिमंडळातल्या चर्चांमध्ये आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांत शोधावं लागतं.

विषयांना तोटा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी महापालिका काय सोय करते आणि ती सोय कशी मागून, भांडून मिळवावी लागली, यावर अजून पुरेसं काम झालेलं नाही असं माझं मत आहे. गोव्यात देवळांचा कारभार महाजनांकडे, म्हणजे देवळाशी पिढ्यानपिढ्या जोडलेल्या सभासद घराण्यांकडे असतो आणि त्याचे नियम पोर्तुगीज काळातल्या माझानी कायद्यातून आलेले आहेत. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन दर दहा वर्षांनी खुलं होतं. अलीकडचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालं. चर्च, सरकार आणि पर्यटन तिन्ही त्यात एकमेकांना भिडतात.

कुठल्या विभागात जायचं

‘धर्म-अध्ययन’ या नावाचा स्वतंत्र विभाग आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत नाही. त्यामुळे आधी प्रश्न, मग विभाग, हा क्रम पाळा. लोक काय करतात हे बघायचं असेल तर समाजशास्त्र; धोरण, निवडणुका, राज्यसंस्था असेल तर राज्यशास्त्र; जुने वाद असतील तर इतिहास; निकाल आणि घटना असेल तर एलएल.एम.; नवबौद्ध चळवळ असेल तर मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचा पाली विभागही पाहा. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९चा, देशातला पहिला, आणि साधूंच्या संप्रदायांवर लिहिणारे घुर्ये याच विभागाचे.

महाराष्ट्राबाहेर जाण्याची तयारी असेल तर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्म-अध्ययनाचा विभाग आहे आणि दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात तौलनिक धर्म व संस्कृतींच्या अभ्यासाचं केंद्र आहे.

पदवीच्या नावाकडे मात्र बारकाईने बघा. पुढे महाविद्यालयात शिकवायचं असेल तर जाहिरातीत ‘समाजशास्त्र’ किंवा ‘राज्यशास्त्र’ असं लिहिलेलं असतं, आणि वेगळ्या नावाची एम.ए. असलेल्या उमेदवाराला पात्रता पटवून देताना दमछाक होते. म्हणून मी बहुतेकांना सांगते, एम.ए. रुळलेल्या विषयात करा आणि धर्माचा प्रश्न प्रबंधिकेत आणा.

प्रवेश

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते; राज्य विद्यापीठांचे नियम विभागागणिक वेगळे असतात, ते संकेतस्थळावर न बघता थेट विभागाच्या कार्यालयात विचारा, कारण तिथल्या लिपिकाला ताजी माहिती असते. एम.फिल. आता नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमावलीने ती बंद केली. त्यामुळे संशोधनाची तालीम एम.ए.च्या प्रबंधिकेतच होते. ती उरकायची गोष्ट समजू नका.

पीएच.डी.साठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत असते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली असेल तर थेटही जाता येतं. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात तीन पातळ्या असतात: फेलोशिपसह, सहायक प्राध्यापक पदासाठी, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. फेलोशिप नसेल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी ते गुण वर्षभरच चालतात. नेटच्या विषयांत ‘तौलनिक धर्म-अध्ययन’ हाही एक स्वतंत्र विषय आहे. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतच असते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञांची द्विभाषी वही पहिल्या सत्रापासून ठेवावी.

वाचन कुठून सुरू करायचं

समाज आधुनिक झाला की धर्म घरात जाऊन बसेल, अशी विसाव्या शतकातल्या युरोपीय समाजशास्त्राची मोठी धारणा होती. १९७९ची इराणमधली क्रांती आणि पोलंडमध्ये चर्चच्या पाठबळावर उभी राहिलेली कामगार चळवळ यांनी तिला तडा दिला. समाजशास्त्रज्ञ होझे कासानोव्हा यांनी १९९४ मध्ये सार्वजनिक धर्माची मांडणी केली. मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी तर ‘धर्म’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे कप्पेच युरोपच्या इतिहासातून आले असं दाखवलं. भारतात टी. एन. मदन, आशिष नंदी आणि राजीव भार्गव यांच्यातला धर्मनिरपेक्षतेवरचा वाद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण सुरुवात मराठीतून करा. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला गेले आणि परत येऊन १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. या विषयाचं उच्च शिक्षण घेऊन ते थेट सार्वजनिक कामाला लावणारा मराठी माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलंच जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. फुले आणि सत्यशोधक समाज, रानडे आणि प्रार्थना समाज, १९३०चा काळाराम मंदिर सत्याग्रह, १९४७ मधलं साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण, १९५६ची नागपूरची धम्मदीक्षा हा सगळा धर्माच्या सार्वजनिक रूपाबद्दलचा वाद आहे, आणि तो मूळ मराठीत वाचता येतो. इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख तर क्षेत्रकार्य कसं लिहावं याचा नमुना म्हणून वाचावा. जातवार दिंड्यांबद्दलची त्यांची अस्वस्थता त्यांनी लपवलेली नाही. अडलेल्या नोंदींसाठी मराठी विश्वकोश महाजालावर मोफत आहे.

निकाल वाचण्याची सवय लावा. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या शिरूर मठाचा आणि रतिलाल गांधींचा असे दोन निकाल पाठोपाठ दिले. दुसरा आपल्या मुंबई राज्याच्या विश्वस्त कायद्यावरचा आहे. धर्माचा आवश्यक भाग कुठला आणि सरकारला हात घालता येईल असा ऐहिक कारभार कुठला, ही रेषा या दोन निकालांपासून ओढली जाते. पहिल्या वाचनात निम्मं कळत नाही. दुसऱ्यांदा वाचा, आणि घटनेची कलमं २५ ते २८ शेजारी उघडी ठेवा.

कागद: धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय

नवे विद्यार्थी इथे जातच नाहीत, आणि खरा खजिना इथे आहे. महाराष्ट्रातलं जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक देवस्थान १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असतं. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन नक्कल अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि त्या न्यासाच्या शेड्यूल-१चा उतारा मागायचा. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी काढून न्या, नाहीतर हेलपाटे पडतात.

उतारा हातात आला की सावकाश वाचा. विश्वस्तांची नावं, त्यांची नेमणूक कशी होते, उद्देश काय, जमीन किती, दागिने किती, उत्पन्न किती, असे रकाने असतात. नेमणुकीच्या रकान्यात कुठे ‘वंशपरंपरेने’ असतं, कुठे ‘गावसभेने’, कुठे न्यायालयाने ठरवलेली योजना. त्याखाली वेळोवेळी मंजूर झालेल्या बदलांच्या नोंदी येतात. विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. गावात दोन गट पडले की दोघेही आपापला चेंज रिपोर्ट टाकतात, मग सुनावणी, साक्षी, उलटतपासणी. त्या फायलीत जत्रेचा मान कुणाचा, पालखी कुठल्या गल्लीतून जाते, पुजारी कुणी नेमला, याबद्दल माणसं शपथेवर बोललेली असतात. मुलाखतीत जे कुणी सांगणार नाही ते तिथे सहीनिशी मिळतं.

वक्फच्या मालमत्तांसाठी छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेल्या वक्फ मंडळाकडे जावं लागतं. शिर्डीसारख्या संस्थानांना स्वतंत्र कायदे आहेत. शिर्डीचा २००४चा आहे. गणेशोत्सव हा विषय असेल तर मंडळाला पोलिस, महापालिका आणि वाहतूक शाखेकडून कुठले परवाने लागतात ते मांडवातच बसून विचारा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठीसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१-क खाली अर्ज करावा लागतो. सरकारी कार्यालयाने माहिती नाकारली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, १० रुपयांचा; उत्तराला ३० दिवस धरा. पण तो शेवटी वापरा. आधी अर्ज टाकून मग ओळख काढायला गेलं तर कुणी नीट बोलत नाही.

जुन्या काळावर काम असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर, पणजीचं पुराभिलेखागार. पुण्यासाठी मोडी शिका, गोव्यासाठी पोर्तुगीज. काही महिन्यांच्या वर्गाने मोडी वाचण्यापुरती येते.

क्षेत्रकार्य

वारीचंच उदाहरण घेते, कारण तिथे नवख्याचे डोळे लवकर उघडतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. रथापुढे २७ दिंड्या आणि मागे बाकीच्या, त्यांचे क्रम ठरलेले. बाहेरून बघणाऱ्याला गर्दी दिसते. संध्याकाळी तळावर समाजआरतीला थांबा. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो, सोहळ्याची शिस्त सांभाळणारा चोपदार दंड उंचावतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर आरती. तक्रार मांडायची, ऐकायची आणि मिटवायची अशी एक पूर्ण व्यवस्था तिथे आहे, आणि ती सरकारने दिलेली नाही. त्याच तळावर पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, पोलिस आणि आरोग्यपथक ही सरकारी व्यवस्थाही असते. दोन्ही जिथे एकमेकींना लागतात तिथे वही उघडा. २०२४ मध्ये राज्य सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. ते घ्यावं का, घेतलं तर कशावर खर्च करावं, यावर दिंडीत काय बोललं गेलं हे विचारलंत तर पुष्कळ काही हाती लागेल.

दिंडीत सामील व्हायचं तर आधी विणेकऱ्यांना, म्हणजे दिंडीत वीणा धरणाऱ्यांना, आणि व्यवस्थापक महाराजांना भेटा, संशोधन करतोय हे पहिल्याच भेटीत सांगा, भिशीचे म्हणजे जेवणखर्चाचे पैसे सगळ्यांसारखे भरा. ध्वनिमुद्रण विचारूनच करा. पहिल्या दिवशी प्रश्नावली काढू नका. टाळ वाजवता येत नसेल तर पाणी वाटा, भाजी निवडा. मुलींनी बायकांच्या राहुटीत मुक्काम करावा. तुळस आणि हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका जे बोलतात ते पुरुष संशोधकांच्या कानावर क्वचितच येतं.

लिहिताना माणसांची नावं बदला. पण शनीच्या चौथऱ्याचं गाव कुठलं हे सगळ्यांनाच कळणार असतं, म्हणून ज्या तपशिलावरून माणूस ओळखू येईल तो तपशीलही गाळा. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं जुनं २९५-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. ते एकदा वाचून ठेवा आणि वादग्रस्त विधान नेहमी पुराव्याला चिकटवून करा.

तुमचं आडनाव, जात, धर्म, बाई असणं हे मुलाखतीत तुमच्या आधी पोचतं. एकाला गाभाऱ्यापर्यंत नेतील, दुसऱ्याला ओट्यावर चहा देऊन वाटेला लावतील. याला अडथळा मानू नका. कुणाला कुठपर्यंत येऊ दिलं ही नोंदसुद्धा माहितीच आहे, ती प्रबंधात यायला हवी. श्रद्धा असेल तर ती सोडायची गरज नाही, नसेल तर आणायचीही नाही. समोरच्याला तुमच्याकडून न्याय मिळेल एवढा विश्वास वाटला पाहिजे. ज्यांचं म्हणणं तुम्हाला पटत नाही त्यांचं म्हणणं इतकं नेमकं लिहा की त्यांनी वाचून ‘हो, आम्ही हेच म्हणतो’ असं म्हणावं. हे जमेपर्यंत टीकेचं प्रकरण लिहायला घेऊ नका.

मार्गदर्शक आणि लेखन

मार्गदर्शक निवडताना शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. संदर्भ नीट आहेत का, क्षेत्रकार्य खरं वाटतं का, हे अर्ध्या तासात कळतं. शोधप्रस्ताव छोटा ठेवा: प्रश्न, आधी कुणी काय केलंय, कागद कुठे आहेत, माणसं कुठे आहेत, वेळापत्रक. वारी असो की उत्सव, तो वर्षातून एकदाच येतो. प्रवेश ऑगस्टमध्ये झाला तर आषाढी पुढच्या वर्षी, हा हिशेब वेळापत्रकात दिसला पाहिजे. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं असतात. प्रबंध मराठीत लिहायची मुभा अनेक विभागांत आहे. विषय मराठी असेल तर ती जरूर घ्या, आणि एक-दोन लेख इंग्रजीत छापून आणा.

पैसे

नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर ४२ हजार. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गांसाठी अधिछात्रवृत्ती देतात. जाहिराती अनियमित येतात, म्हणून जात, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर हे दाखले वर्षभर तयार ठेवा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं.

परदेशी जायचं असेल तर ब्रिटनमधली एम.ए. एक वर्षाची, अमेरिकेतली साधारण दोन. हार्वर्ड आणि शिकागोच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये कुठल्याही धर्माचा, किंवा कुठलाच धर्म न मानणारा विद्यार्थी जाऊ शकतो. नावावरून पाद्री घडवण्याची शाळा समजून मागे हटू नका. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत मात्र २०२२च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. या शिष्यवृत्तीवर अवलंबून असाल तर अर्जाआधी त्या वर्षीची मार्गदर्शक सूचना शब्दन् शब्द वाचा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारा. परदेशी पोचल्यावर विषय भारतातलाच हवा असंही नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारलं. दोन्ही वेळच्या सुनावण्यांत तिथली भारतीय माणसं दोन्ही बाजूंनी बोलली आहेत, आणि त्यांची नोंद सार्वजनिक आहे.